लिडरकाठी ट्राउटच्या मागावर

काश्मीरला पहलगामजवळ लिडर नदीवर ट्राउट धरायला जाणार असाल, तर स्थानिक गाईड घ्याच. आमच्या गाईड चाचांनी गळ टाकण्याआधी पाण्यातला एक दगड उलटा केला. खाली इवल्या तपकिरी अळ्या चिकटल्या होत्या. ‘आज मासा हेच खातोय,’ म्हणत त्यांनी डबीतून त्याच रंगाची नकली माशी काढली; आकड्यावर पिसं नि दोरा गुंडाळून केलेली, नखाएवढी. पुस्तकं वाचून हे येत नाही.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. म्हणून खालच्या अंगाने, त्याच्या मागून जायचं आणि पाण्यावर सावली पडू द्यायची नाही. हा मासा मूळचा इथला नव्हे. १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून त्याची अंडी आणली गेली आणि थंड, खळाळत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात तो रुजला. नदीचे ठरावीक पट्टे, म्हणजे बीट, पाडलेले असतात. परवाना मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो.

मासा परत सोडणार असाल, तर आधी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग जडू शकतो.