पफिनचे तिकीट, नकाशाचे तिकीट

पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्या आपल्या वर्गातल्या मंडळींच्या अल्बममध्ये प्राणी आणि नकाशे हे दोन विषय हमखास असतात. त्यांतली काही तिकिटे मात्र कॅटलॉगमध्ये शोधूनही सापडत नाहीत, कारण ती कोणत्याही मान्यताप्राप्त टपालखात्याने काढलेली नसतात. संग्राहक त्यांना 'सिंड्रेला' म्हणतात. मोठ्या बहिणींच्या मेजवानीचे आमंत्रण यांना नाही! आम्हाला वाटते, ती फेकून देऊ नयेत. फक्त प्रत्येक तिकिटाला एक प्रश्न विचारावा : तुझ्यावर कधी कोणाचे पत्र गेले का?

आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. डेव्हनच्या किनाऱ्यासमोर लंडी नावाचे जेमतेम तीन मैल लांबीचे बेट आहे. १९२५ साली मार्टिन कोल्स हार्मन यांनी ते विकत घेतले. १९२७ अखेर सरकारी पोस्टाने तिथले काम बंद केले, तेव्हा पत्रे किनाऱ्यापर्यंत नेण्याची सोय हार्मन यांनीच केली आणि त्या खर्चासाठी १९२९ मध्ये स्वतःची तिकिटे काढली. किंमत पेनीत नाही, तर 'पफिन'मध्ये! अर्धा पफिन आणि एक पफिन. एक पफिन म्हणजे एक पेनी. चित्रही त्याच रंगीत चोचीच्या समुद्रपक्ष्याचे. बेटाचे नावसुद्धा जुन्या नॉर्स भाषेतल्या पफिनच्या नावावरून आले, असे मानतात.

हार्मन यांनी नाणीही पाडली, एका बाजूला स्वतःचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला पफिन. ते मात्र अंगाशी आले. १९३० मध्ये खटला होऊन पाच पौंड दंड झाला. तिकिटे वाचली. पण १९६२ पर्यंत ती पाकिटाच्या मागच्या बाजूला चिकटवावी लागत, पुढे नेहमीचे ब्रिटिश तिकीट. आज लंडीच्या तिकिटाच्या किमतीतच रॉयल मेलचा खर्च धरलेला असतो.

तिकिटावरचा पक्षी मधल्या काळात बेटावरून जवळजवळ नाहीसा झाला होता. उंदीर बिळांतली अंडी आणि पिल्ले खात. २००२ ते २००४ या काळात उंदरांचा नायनाट केला आणि २०२३ च्या मोजणीत तेराशेहून अधिक पफिन आढळले.

आता याच्या उलट प्रकार. १९५० मध्ये दक्षिण मोलुक्काच्या लोकांनी इंडोनेशियापासून स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले, पण त्याच वर्षी अंबोन बेट इंडोनेशियाच्या सैन्याने घेतले. त्यानंतर त्या देशाच्या नावाने पक्षी आणि फुलपाखरांची सुरेख तिकिटे निघाली, ती छापली व्हिएन्नात आणि खपली संग्राहकांत. त्या बेटांवर ती कोणी पत्राला लावलीच नाहीत. दिसायला लंडीच्या तिकिटांपेक्षा किती तरी देखणी, पण आत पोकळ.

नकाशाचे तिकीट या दोन्हींहून वेगळे. बियाफ्रा १९६७ मध्ये नायजेरियातून फुटून निघाला. जगातल्या मोजक्याच देशांनी त्याला मान्यता दिली. १९६८ च्या त्याच्या पहिल्या मालिकेत दोन पेनीच्या तिकिटावर देशाचा नकाशा होता. ज्याची सीमाच मान्य नाही, तो ती तिकिटावर आखतो! ही तिकिटे तिथल्या पत्रांवर खरोखर वापरली गेली. जानेवारी १९७० मध्ये युद्ध संपले, बियाफ्रा उरला नाही, नकाशा मात्र अल्बममध्ये राहिला.

घरी तपासायचे कसे? तिकीट उलटे करा. पुढे कोपऱ्यात नीटनेटका शिक्का आणि मागे सगळा डिंक शाबूत असेल, तर ते पाकिटावर कधी चिकटलेच नाही. शिक्का विक्रीसाठी मारला आहे. अशी शिक्केवाली तिकिटे काही सरकारी टपालखातीही विकतात, तेव्हा एवढ्यावरून तिकीट खोटे ठरवू नका. देशाचे नाव नाही म्हणूनही ठरवू नका. ब्रिटनच्या तिकिटांवर ते कधीच नसते.

आणि लंडीचे जुने पाकीट हाती लागले, तर तिकीट पाण्यात सोडवू नका. पाकीट पुढून-मागून सबंध ठेवा.