पहिलं बाळ गेलं असेल, तर दुसऱ्याच्या वेळी विचारा

काही घरांत पहिलं बाळ चार-सहा महिन्यांचं होऊन जातं. न्युमोनिया झाला होता, असं सांगतात. दोन वर्षांनी दुसरंही तसंच जातं. मग कुणी नजर म्हणतं, कुणी सुनेच्या पायगुणाला बोल लावतं, बाकीचे अल्लाहची मर्जी म्हणून गप्प बसतात. मर्जी त्याचीच; पण अशा मृत्यूंमागे कधी कधी एक जन्मजात आजार असतो आणि त्याला इलाज आहे, हे त्या घरात कुणी सांगितलेलंच नसतं.

डॉक्टर त्याला ‘स्किड’ म्हणतात. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी बाळात नीट तयारच होत नाहीत. आईकडून मिळालेलं संरक्षण काही आठवडे-महिने पुरतं, म्हणून बाळ सुरुवातीला गुटगुटीत दिसतं. नंतर तोंडातला पांढरा थर जात नाही, जुलाब थांबत नाहीत, वजन वाढत नाही.

१९६८ साली अमेरिकेत मिनेसोटा इथे डॉ. रॉबर्ट गुड यांनी अशाच एका तान्ह्या मुलाला त्याच्या बहिणीची अस्थिमज्जा दिली. त्याच्या आईच्या माहेरचे कितीतरी मुलगे तान्हेपणीच गेले होते. हा मात्र जगला, मोठा झाला. मज्जेतल्या मूळ पेशी शिरेतून रक्तासारख्या चढवतात. हाडापर्यंतची वाट त्या स्वतः शोधतात.

देणाऱ्या भावंडाला काही होईल का, ही आयांची पहिली भीती. भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढतात. काही दिवस कंबर दुखते. मज्जा काही आठवड्यांत भरून येते. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. नाही जुळलं, तर आता निम्मे जुळणारे अम्मी-अब्बाही देऊ शकतात.

खरी शर्यत वेळेशी आहे. उत्तर अमेरिकेतल्या २४० बाळांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्यांपैकी ९४ टक्के बाळं पाच वर्षांनीही हयात होती.

आपल्यात चुलत-मामे भावंडांचे निकाह होतात. ते जायज आहेत, कुणाला दोष द्यायचा नाही. पण दोष आई-बाप दोघांकडून आला तरच होणारे स्किडचे प्रकार अशा घरांत जास्त आढळतात. एक प्रकार फक्त आईकडून मुलग्यांत उतरतो. म्हणून तान्हेपणी गेलेल्या मामूंचीही चौकशी करावी.

असा इतिहास असेल, तर बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सांगा. जन्मानंतर साध्या सीबीसीत लिम्फोसाइटची संख्या पाहा. तान्ह्या बाळात ती ३००० च्या खाली असेल, तर पुढची तपासणी हवीच. मोठ्यांच्या मापाने हाच आकडा ठीक दिसतो आणि फसवतो. अहवाल येईपर्यंत बीसीजी आणि तोंडावाटे देतात ती पोलिओची लस थांबवायची का, हे डॉक्टरांना विचारा. त्यांत जिवंत जंतू असतात. इतर घरांनी मात्र लस मुळीच टाळू नये. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या आजारांच्या तपासण्या होतात. प्रत्यारोपणाचा खर्च लाखांत जातो, म्हणून मदतीची विचारपूसही पहिल्याच दिवसापासून करावी.

आणि गेलेल्या बाळाचे कागद दुःखात फाडून टाकू नका. त्या जुन्या सीबीसीवर लिम्फोसाइटचा आकडा बहुतेक वेळा छापलेला असतो.