चेंडू खरा परतावा म्हणून

बिलियर्डच्या खोलीत एक दृश्य वारंवार पाहावयास मिळते. खेळाडू नेम धरतो, क्यूचा फटका मनाजोगता बसतो, चेंडू समोरच्या काठावर आदळतो आणि परत फिरताना ठरल्या रेषेपासून चार बोटे बाजूला जातो. खेळाडू आपल्या मनगटाला दोष देतो, क्यूच्या टोकाला पुन्हा खडू लावतो, पुढच्या वेळी नेम थोडा बदलून पाहतो. टेबलाच्या काठावर मात्र कोणाचाही संशय जात नाही. वस्तुतः अनेकदा हात निर्दोष असतो आणि काठ अपराधी असतो.

टेबल जुने झाले की हिरवी बनात बदलावी आणि लाकडाला पॉलिश करावे, एवढ्यावरच बहुतेकांची दुरुस्ती थांबते. कारण डोळ्यांना दिसते ते एवढेच. परंतु चेंडूला परत पाठविण्याचे काम बनातीखाली दडलेली रबराची पट्टी करीत असते. त्या पट्टीला कुशन म्हणतात आणि ती ज्या लाकडी तुळईवर चिकटविलेली असते तिला रेल. सहा पॉकेटांच्या टेबलाला अशा सहा रेली असतात : दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन आणि दोन्ही टोकांना एकेक. खेळाचे खरेपण या सहाजणींच्या एकमतावर अवलंबून असते.

रबर येण्यापूर्वी टेबलाच्या काठाला लोकरी कापडाच्या पट्ट्यांचे थर लावीत. त्यांवरून चेंडू परते, पण निरुत्साहाने. लंडनचे टेबल बनविणारे जॉन थर्स्टन यांनी १८३५ च्या सुमारास रबराचे कुशन प्रचारात आणले. तेव्हाचे रबर कच्चे असल्यामुळे इंग्लंडच्या थंडीत ते दगडासारखे कडक होई आणि खेळापूर्वी त्याला ऊब द्यावी लागे. पुढे १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना रबर गंधकाबरोबर तापविण्याची क्रिया सापडली. या क्रियेने पक्के झालेले रबर थंडीत ताठत नाही आणि उन्हाळ्यात चिघळत नाही. १८४५ पासून असे रबर कुशनसाठी वापरले जाऊ लागले आणि आधुनिक बिलियर्डचा पाया घातला गेला.

या खेळाशी भारताचेही जुने नाते आहे. स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला असे मानले जाते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यास हौशी बिलियर्डपटूंचे जागतिक विजेते झाले. जिमखान्यांतून आणि क्लबांतून तेव्हापासून टिकून असलेली भक्कम टेबले अजून दृष्टीस पडतात. अलीकडे त्यांच्या जोडीला ‘पूल’ या नावाने ओळखला जाणारा अमेरिकन प्रकार शहरोशहरी आला आहे. दोन्हींत दुरुस्तीचे तत्त्व एकच. मापे मात्र वेगळी. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटर व्यासाचा, तर पूलचा ५७.१५ मिलिमीटरचा. म्हणून एकाचे रबर दुसऱ्यास चालत नाही. पुढील मापे पूलच्या टेबलाची आहेत.

पक्के केलेले रबरही अमर नसते. हवेतील प्राणवायू, उष्णता आणि प्रकाश यांच्यामुळे त्याची लवचिकता वर्षानुवर्षे कमी होत जाते. शेवटी त्याच्यावर नखाची खूण उमटेनाशी होते आणि कोरड्या तळ्याच्या तळासारख्या भेगा पडतात. तथापि चेंडू मंद परतला की रबर मेले, असा निकाल लगेच देऊ नये. प्रथम रेलीचे बोल्ट तपासावेत. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि या ओढाताणीत बोल्ट सैल पडतात. सैल रेल फटक्याबरोबर किंचित मागे सरते आणि चेंडूचा वेग गिळून टाकते. बोल्ट आवळल्यावर चेंडूने रेलीच्या लांबीभर हलकेच ठोकून पाहावे. एखाद्याच जागी ‘थप्प’ असा मुका आवाज आला, तर तेथे रबर लाकडापासून सुटले असण्याचा संभव असतो. सर्वत्रच तसा आवाज आला, तर मात्र रबराचे आयुष्य संपले असे समजावे. आणखी एक कसोटी आहे. टेबलाच्या मध्यरेषेवरून जोरकस सरळ फटका मारला असता चेंडूने न उडता टेबलाची लांबी किमान चार ते साडेचार वेळा कापली पाहिजे.

रबराइतकेच त्याच्या उंचीला महत्त्व आहे. रबराची पुढे आलेली कड चेंडूच्या मध्याला नव्हे, तर मध्याच्या थोडी वर स्पर्श करते. यामागे एक सुंदर कारण आहे. चेंडू काठाकडे येतो तो घरंगळत. म्हणजे पुढे सरकण्याबरोबरच तो स्वतःभोवती फिरतही असतो. परतताना त्याची दिशा उलटते, तशी ही फिरकीही उलटली पाहिजे. धक्का नेमका मध्यावर बसला तर दिशा उलटते, पण फिरकी जुनीच राहते आणि चेंडू बनातीवर घासत अडखळतो. केवळ गणिताने पाहिले तर चेंडूच्या व्यासाच्या ७० टक्के उंचीवर बसलेला आडवा धक्का दोन्ही गोष्टी एकदम उलटवितो. परंतु प्रत्यक्षात एवढी उंच कड चेंडूला खाली दाबते, त्याचा वेग मारते आणि बनातीवर चर पाडते. उलट कड फार खाली असली तर चेंडू उसळी घेतो. म्हणून व्यासाच्या ६३.५ टक्के हे माप ठरले असून त्यात एक टक्का इकडेतिकडे चालतो. पूलच्या चेंडूसाठी ही उंची सुमारे ३६ मिलिमीटर येते आणि चुकीला मिळणारी एकंदर जागा जेमतेम एक मिलिमीटरची असते. जाड बनातीच्या जागी पातळ बनात घातली, तरी या हिशेबात फरक पडतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. पूर्वी कोणी चुकीच्या आकाराचे रबर लावले असेल किंवा लाकडाचा उतार बिघडविला असेल, तर महागातले नवे रबरही तीच चूक नव्या जोमाने करील. म्हणून चांगला कारागीर रबराआधी लाकडाकडे पाहतो. तो रेली काढण्यापूर्वी प्रत्येकीवर क्रमांक घालतो. रेलीच्या माथ्यावरील खाचेत बनातीची कड एका बारीक लाकडी पट्टीने दाबून बसविलेली असते. ती पट्टी तो न मोडता काढून जपून ठेवतो. मग बनात, खिळे आणि जुने रबर उतरवून सुकलेला सरस पटाशीने अलगद खरवडतो. खिळ्यांनी चाळण झालेले लाकूड बुजवून घेतो. दर्शनी बाजूच झिजली असेल किंवा तिचा कोन चुकीचा असेल, तर तेथे कठीण लाकडाची पट्टी चिकटवून ती हव्या कोनात पुन्हा कापून घेतो, म्हणजे कड नेमक्या उंचीवर येते. जीर्णोद्धार म्हणावयाचा तो याला.

रबर चिकटविताना रबराला आणि लाकडाला, दोहोंना सरस लावून तो बोटाला किंचित चिकटेल इतका वाळू द्यावा लागतो. या सरसाची वाफ ज्वालाग्राही असल्यामुळे खोली मोकळ्या हवेची असावी आणि जवळ विस्तव नसावा. येथे नवशिक्याचा हात चुकतो तो रबर ताणण्यात. ताणून लावलेले रबर हळूहळू मूळ लांबीकडे परतू पाहते आणि टोकाला सुटते. म्हणून ते सैल हाताने, एका टोकापासून दाबत न्यावे, दोन्हीकडे थोडे जास्त ठेवावे आणि नंतर पॉकेटाच्या कोनात कापावे. कोपऱ्याच्या पॉकेटाशी हा कोन १४२ अंशांचा, तर मधल्या पॉकेटाशी १०४ अंशांचा असतो. कापलेल्या तोंडावर टणक रबराची पातळ चकती चिकटवितात, कारण पॉकेटाच्या तोंडाशी चेंडूंचा मारा फार. शेवटी बनात चढवावयाची ती सुरकुती पडणार नाही इतकी घट्ट, पण कड दबणार नाही इतकी सैल. रेली जागेवर बसविल्यावर एकच बोल्ट पुरा आवळू नये; बैलगाडीच्या दोरखंडाप्रमाणे सर्वांचा ताण थोडाथोडा वाढवीत न्यावा.

काटकसरीच्या मोहाने पुष्कळ ठिकाणी फक्त मेलेल्या एका रेलीचे रबर बदलले जाते. ही काटकसर सर्वांत महाग पडते. सहाही कुशने सारखीच मंद असतील, तर खेळाडू त्या मंदपणाची सवय करून घेऊ शकतो. पण एक चपळ आणि पाच सुस्त असली की कोणताच अंदाज लागत नाही. म्हणून रबर बदलावयाचे तर सहाही रेलींचे, एकाच प्रकारचे आणि एकाच वेळी बदलावे.

जाणता खेळाडू वाकड्या टेबलाचे दोष ओळखून सांभाळून घेतो. परंतु ज्या मुलाने नुकताच क्यू हाती धरला आहे, त्याला टेबल हेच गुरू असते. खोटे टेबल त्याच्या खऱ्या फटक्याला नापास करते आणि चुकलेल्या फटक्याला शाबासकी देते. तो मनगट वाकडे करावयास शिकतो आणि पुढे दुसऱ्या गावच्या स्पर्धेत खऱ्या टेबलावर उभा राहिला की गोंधळून जातो. क्लबाच्या कोपऱ्यात पडलेले जुने टेबल मोडीत काढण्यापूर्वी चालकांनी याचा विचार करावा. त्याचा पाटीचा दगड बहुधा अजून शाबूत असतो, लाकूड तर आता मिळणे कठीण. थोडे रबर, थोडा सरस आणि मिलिमीटरची पर्वा करणारा एक कारागीर मिळाला, की तेच टेबल पुन्हा खरे बोलू लागते. आणि मग चुकलेला फटका खेळाडूचाच आहे, हे त्यालाही मान्य करावे लागते.