मुंबई, तीन दिवस आणि दुपारची झोप!

छोट्या मुलांना घेऊन शहर बघायला निघालात? मग आधी ती एक्सेल शीट डिलीट करा...

रात्रीचे साडेअकरा. कोथरूडमधला टू बीएचके. धाकटी एकदाची झोपलीय, मोठा झोपेत भिंतीला लाथा मारतोय आणि डायनिंग टेबलवर माझी ताई लॅपटॉप उघडून बसलीय. स्क्रीनवर ‘मुंबई ट्रिप फायनल’ नावाची फाइल. दोन दिवस, अकरा ठिकाणं, दर ठिकाणासमोर वेळ. ‘एक ते पावणेदोन : जेवण’, ‘पावणेदोन ते दोन : टॅक्सी’. मी म्हटलं, ‘‘अगं, यात शू-शीचा कॉलमच नाहीये!’’ ताईनं माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट चहा टाकायला उठले.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा मोठा तीन वर्षांचा होता आणि धाकटी सहा महिन्यांची. हॉटेल उपनगरात घेतलं, कारण स्वस्त. बघायचं सगळं मात्र दक्षिण मुंबईत. रोज जायला दीड तास, यायला दीड तास. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मोठ्यानं भर फूटपाथवर आडवं पडून ‘मला घरी जायचंय’चा नारा दिला. धाकटीच्या अंगात कणकण. अकरापैकी पाच ठिकाणं झाली आणि त्यातलं एकही मोठ्याला आठवत नाही. परतताना दादर ते लोणावळा ताई आणि भाऊजी एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. लोणावळ्याला भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘वर्षभर मी मुलांना झोपलेलंच बघतो. तीन दिवस सुट्टी काढली, तर रडताना बघितलं.’’

भाऊजी अमेरिकन क्लायंटच्या वेळेप्रमाणे काम करतात. ते घरी येतात तेव्हा मुलं झोपलेली आणि मुलं पाळणाघरात जातात तेव्हा ते झोपलेले. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात हेच चालू असेल. मग हातात आलेले ते तीन दिवस आपण अकरा ठिकाणांना वाटून टाकतो!

यंदा जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. त्याच मुंबईला. ताई, भाऊजी, दोन पोरं, आई आणि मी. ताई शीट उघडायला लागली, तेव्हा आई म्हणाली, ‘‘आधी ही दोघं कधी झोपतात ते लिही. उरलेल्या वेळात मुंबई बसव.’’ दोन मुलं वाढवलेल्या बाईचा फंडा! सकाळी एकच ठिकाण. दुपारी खोलीवर येऊन जेवण-झोप. संध्याकाळी आणखी एक, तेही उघड्यावरचं. बस्स. तीन दिवसांत मिळून सहा चौकोन, त्यातला पहिला येण्यात आणि शेवटचा परत जाण्यात जाणार. म्हणजे खरे चारच.

आधी वार, मग ठिकाण

आपण ठिकाण ठरवतो आणि वार बघायचा विसरतो. राणीची बाग बुधवारी बंद असते, घारापुरीची लेणी सोमवारी. रविवारी लोकलला मेगाब्लॉक असतो, म्हणजे मूल कडेवर घेऊन पुलावरून पळापळ. शिवाय शनिवार-रविवारी अख्खी मुंबईच आपल्या पोरांना घेऊन बाहेर पडलेली असते. म्हणून गुरुवार, शुक्रवार, शनिवार. ज्यांची मुलं अजून मोठ्या शाळेत गेलेली नाहीत, त्यांनी तर मे महिन्याचा हट्ट सोडाच. मेमधल्या मुंबईचा तो चिकट घाम मोठ्यांना सहन होत नाही, तिथे अडीच वर्षांच्या मुलीचं काय! डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट.

गाडी ठरलेलीच : डेक्कन क्वीन. १ जून १९३० पासून धावणारी ही राणी सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते आणि साडेदहाच्या आत सीएसएमटीला पोचवते. मुलांना घाटातले बोगदे मोजायला लावा आणि डायनिंग कारमधून चीज टोस्ट मागवा, प्रवास कुठे संपला कळत नाही. पाचच्या आतल्या मुलांना तिकीट लागत नाही, पण स्वतंत्र सीट हवी तर पूर्ण पैसे. आम्ही धाकटीसाठीही सीट घेतली. ती पूर्ण वेळ आजीच्या मांडीवर बसली आणि सीटवर तिचा हत्ती! पण त्या सीटवर डायपरची बॅग, पाण्याच्या बाटल्या आणि कुठल्याही क्षणी लागणारं सगळं सामान राहिलं, त्यामुळे पैसे वसूल.

खर्च इथे करा

या वेळी भांडण झालं ते हॉटेलवरून. फोर्टमधली खोली उपनगरापेक्षा चांगलीच महाग. भाऊजींनी गेल्या खेपेचा हिशेब काढला आणि टॅक्सीची बिलं जोडली, तेव्हा फरक पुष्कळ कमी झाला. जो उरला, त्या पैशांत आम्ही दुपारची झोप विकत घेतली असं समजा. कारण खोली ठिकाणांपासून पंधरा-वीस मिनिटांवर असेल, तरच दुपारी परत येता येतं. बुकिंग करताना तीन प्रश्न फोनवर विचाराच : लिफ्ट आहे का? (फोर्टच्या जुन्या इमारतींत हा प्रश्न गमतीचा नाही.) सकाळी साडेदहाला खोली मिळेल का, नाहीतर निदान सामान ठेवता येईल का? आणि रात्री नऊला साधा वरणभात मिळेल का? वेबसाइटवर स्विमिंग पूलचे फोटो असतात, वरणभाताचा कधीच नसतो.

पहिला दिवस स्टेशनातच रंगला. सीएसएमटीची इमारत २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, वगैरे माहिती मुलांना सांगून काही उपयोग नाही. भाऊजींनी समोरच्या फूटपाथवरून विचारलं, ‘‘या बिल्डिंगवर किती प्राणी लपलेत?’’ फाटकाच्या खांबांवर एक सिंह आणि एक वाघ बसलाय, तिथून सुरुवात. मग मोर सापडला, मग माकडं. पाऊण तास! तिकीट शून्य. आणि या काळात फोन भाऊजींच्या खिशातच राहिला, हे मी आवर्जून नोंदवते.

संध्याकाळ आजीची होती. आईचं बालपण गिरगावात गेलं. ‘माझी चाळ दाखवते’ असं ती सहा महिने सांगत होती. तिथे आता टॉवर उभा आहे. गेटवरच्या वॉचमननं कुणाकडे जायचंय म्हणून विचारलं आणि आईला उत्तरच देता येईना. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. तेवढ्यात धाकटीला कोपऱ्यावर एक मांजर दिसलं आणि आमची वरात तिकडे वळली. मग पणशीकरांकडे पीयूष झालं. मोठ्यानं विचारलं, ‘‘आजी, तू पण इथे यायचीस?’’ आई म्हणाली, ‘‘हो, पण वर्षातून एकदाच मिळायचं, परीक्षा झाल्यावर.’’ पोरगा ग्लास खाली ठेवून ऐकत बसला. तिथून चौपाटी चालत. वाळू, फुगे, सूर्यास्त. भेळ आम्ही खाल्ली, मुलांना घरून आणलेले लाडू.

हात लावा!

शुक्रवारी म्युझियम. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ पासून लोकांसाठी खुलं आहे, पण तुमच्या लहानपणी नव्हतं असं काहीतरी आता तिथे आहे : २०१९ मध्ये सुरू झालेलं मुलांचं संग्रहालय. तेही एका जुन्या गोरखचिंचेच्या सावलीत. ते झाड एवढं गलेलठ्ठ, की मोठ्यानं आधी त्याला मिठी मारायचा प्रयत्न केला आणि मग आम्हा तिघांना हाताला हात लावून उभं केलं. मुख्य इमारतीत आम्ही फक्त प्राणी-पक्ष्यांचं दालन बघितलं. लघुचित्रं, मूर्ती, सगळं सोडलं. ताईला जीवावर आलं होतं, कबूल. ती म्हणाली, ‘‘तिकीट काढलंय तर...’’ आणि स्वतःच हसली. दीड तासात बाहेर. मुलं अजून खुशीत होती, आणि निघायची वेळ तीच असते. रडायला लागल्यावर निघालात, तर समजा अर्धा तास उशीर झाला.

घारापुरीचं काय? या वेळी नाही. गेटवेहून बोटीला साधारण तासभर, वर शंभरावर पायऱ्या, हातातला खाऊ पळवणारी माकडं आणि परतीची बोट. म्हणजे दुपारची झोप गेली आणि आईचे गुडघेही. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच मार्गावर प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून झालेला अपघात ताईच्या डोक्यातून गेलेला नाही. ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जावं, पण तिकीट काढण्याआधी मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते विचारा आणि बोट सुटायच्या आधी घाला. आमची घारापुरी मोठा आठ वर्षांचा झाल्यावर. वरळीचं नेहरू सायन्स सेंटरही पुढच्या खेपेला. पाच-सहा वर्षांवरच्या मुलांसाठी ते मात्र चुकवू नका. तिथे खटके दाबायचे असतात, दांडे फिरवायचे असतात, ‘हात लावू नये’चा धाक नाही. तारापोरवाला मत्स्यालय जुन्या याद्यांमध्ये अजून दिसतं, पण ते बंद पडलंय. त्यामुळे मुलांना मासे कबूल करून बसू नका!

शुक्रवारची संध्याकाळ डबलडेकरची. डिझेलवर चालणाऱ्या जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये कायमच्या गेल्या, त्याच वर्षी फेब्रुवारीत एसी इलेक्ट्रिक आल्या. आम्ही सीएसएमटीहून एनसीपीएकडे जाणारी पकडली आणि वरच्या मजल्यावरची पुढची सीट मिळवली. झाडांच्या फांद्या काचेवर येताना दिसल्या, की दोघंही खाली वाकायची. उतरून मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो. पुढचा तासभर लाटा, चणे आणि भाऊजींच्या खांद्यावर कोण बसणार याचं भांडण, एवढंच.

ती चार मिनिटं

आता जे लिहायला नको वाटतंय, ते. या तीन दिवसांत एकदा, एका गर्दीच्या ठिकाणी, धाकटी हरवली. ताईला वाटलं ती माझ्याकडे आहे, मला वाटलं ती आईकडे. चार मोठी माणसं आणि एकाचंही लक्ष नाही! चार मिनिटंच, पण ताईच्या तोंडातून तिचं नावसुद्धा बाहेर पडेना. एका फुगेवाल्याजवळ सापडली. त्यानं तिच्या मनगटावरचा नंबर वाचून भाऊजींना फोन लावला होता. तो नंबर सकाळी आईनं बॉलपेननं लिहिला होता, आणि ताईनं ‘‘काहीतरीच तुझं’’ म्हणून पुसायला घेतला होता. त्यानंतर नियम केला : ‘आता ही कुणाकडे’ हे नाव घेऊन मोठ्यानं सांगायचं आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं ‘हो’ म्हणायचं. ऑफिसात हॅण्डओव्हर करतो तसंच. मुलांचा त्या दिवशीचा फोटो सकाळीच मोबाइलवर काढून ठेवा, म्हणजे कपड्यांचा रंग आठवत बसावं लागत नाही. शहरातल्या सुट्टीत मोठी माणसं मुलांपेक्षा जास्त असावीत, असं मी म्हणते खरी, पण माणसं जास्त झाली की प्रत्येकाला दुसऱ्याचा भरवसा वाटतो, हेही त्या दिवशी कळलं.

शनिवारी सकाळी राणीची बाग. १८६२ सालची ही बाग साडेनऊला उघडते, आणि उघडतानाच पोचायचं. आम्ही सीएसएमटीहून लोकलनं गेलो. सकाळी सगळी गर्दी मुंबईच्या टोकाकडे येत असते, त्यामुळे उलट दिशेची गाडी रिकामी. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. तिसरं स्टेशन! मोठा खिडकीत आणि समोरून दारात लटकलेल्या माणसांच्या गाड्या येताहेत. ‘‘ते आत का नाही बसत?’’ याचं उत्तर भाऊजींना भायखळ्यापर्यंत देता आलं नाही. बागेत २०१७ पासून पेंग्विन बघायला मिळतात. काचेच्या पलीकडे ते सरळ रेषेत पोहत गेले, आणि धाकटी काचेला नाक लावून पंधरा मिनिटं हलली नाही. वाघ वगैरे शोधायला आम्ही गेलोच नाही.

दुपारी खोली सोडताना सामान रिसेप्शनवर ठेवलं, आणि मुलं लॉबीच्या सोफ्यावरच झोपली. ५.१० ची डेक्कन क्वीन. दादर गेलं, कर्जत गेलं. धाकटी ताईच्या कुशीत, मोठा भाऊजींच्या मांडीवर पाय टाकून. लोणावळा आलं तेव्हा भाऊजी बोगदे मोजत होते. एकटेच, हळू आवाजात, कारण मोठ्यानं झोपण्याआधी ‘राहिलेले तुम्ही मोजा’ असं बजावलं होतं.

पुढच्या खेपेचं ठरलंय. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुलं होतं, भाऊजींनी अलार्म लावून ठेवलाय. कुठे जायचं म्हणून मोठ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘‘मुंबई. त्या लिफ्टवाल्या हॉटेलात.’’