विलीनीकरणाचा खरा खर्च : बंगळूरच्या दोन विमान कंपन्या

विमान वाहतुकीच्या धंद्यात नफ्याचे प्रमाण मुळातच तुटपुंजे असते. कारण विमानांचे भाडे, इंधन, विमानतळाचे शुल्क आणि वैमानिकांचे वेतन हे खर्च विमान भरलेले असो वा अर्धे रिकामे, जवळपास तेवढेच राहतात आणि उड्डाणानंतर रिकामे राहिलेले आसन पुन्हा विकता येत नाही. भारतीय कंपन्यांच्या एकूण खर्चात विमान इंधनाचा, म्हणजे एटीएफचा, वाटा साधारणतः ४० टक्क्यांच्या आसपास जातो. या इंधनावर राज्ये आपापल्या दराने विक्रीकर किंवा मूल्यवर्धित कर लावतात आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हाही ते त्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

या पार्श्वभूमीवर बंगळूरमधील एअर डेक्कन आणि किंगफिशर एअरलाइन्स यांचे विलीनीकरण तपासून पाहण्याजोगे आहे. लष्करातून निवृत्त झालेले कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांनी २००३ साली सुरू केलेली एअर डेक्कन ही देशातील पहिली स्वस्त विमानसेवा होती. हुबळीसारख्या शहरांना लहान एटीआर विमानांनी जोडणे, जेवण फुकट न देता विकणे आणि मोठ्या एअरबसमध्ये १८० आसने बसवणे, अशा काटकसरीवर तिचे गणित उभे होते. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ हे तिचे बोधचिन्ह होते, आणि ते शोभेपुरते नव्हते, कारण आयुष्यात प्रथमच विमानात बसणारा प्रवासी हाच तिचा ग्राहक होता. त्याच शहरातील यूबी समूहाच्या विजय मल्ल्या यांनी मे २००५ मध्ये सुरू केलेली किंगफिशर नेमकी दुसऱ्या टोकाची होती. तिथे आसनासमोर पडदा होता, भाड्यातच जेवण होते आणि प्रवाशाला पाहुण्याचा मान होता.

२००७ साली यूबी समूहाने डेक्कनमधील २६ टक्के हिस्सा सुमारे ५५० कोटी रुपयांना घेतला. या व्यवहारामागे परवान्याचे कारणही होते. देशांतर्गत सेवेची पाच वर्षे पूर्ण केल्याशिवाय परदेशी उड्डाणाची परवानगी मिळत नसे आणि डेक्कनची पाच वर्षे ऑगस्ट २००८ मध्ये भरणार होती. म्हणून कायद्याच्या कागदावर किंगफिशर डेक्कनमध्ये विलीन झाली आणि मग डेक्कनचेच नाव किंगफिशर ठेवले गेले. त्याच सप्टेंबरमध्ये बंगळूर-लंडन सेवा सुरू झाली, तर जुनी डेक्कन ‘किंगफिशर रेड’ या नावाने उरली.

मुहूर्त मात्र अत्यंत वाईट ठरला. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढले आणि डिसेंबरमध्ये ४० डॉलरच्याही खाली आले. अशा चढउतारांवर जगभरातील कंपन्या ‘हेजिंग’चा, म्हणजे पुढील काळातील इंधनाचा भाव कराराने आधीच बांधून घेण्याचा, उपाय योजतात. अमेरिकेतील साउथवेस्ट या कंपनीने भाव कमी असताना असे करार करून चढत्या भावाच्या वर्षांत मोठी बचत केली. परंतु बांधलेल्या भावापेक्षा बाजार खाली गेला, तर हाच करार तोट्याचा होतो, आणि करार करतानाच तारण रक्कम गुंतवावी लागते. भारतात रिझर्व्ह बँकेने २००७ साली विमान इंधनाच्या हेजिंगला वाट मोकळी केली, तरी रोख रकमेची आधीच चणचण असलेल्या कंपनीला या साधनाचा आधार घेणे अवघडच असते. २००८-०९ या वर्षी किंगफिशरचा तोटा १,६०० कोटी रुपयांच्या वर गेला.

तथापि सारा दोष तेलावर ढकलणे योग्य नव्हे. प्रत्येक पैसा वाचवण्याची शिस्त आणि प्रवाशाला भारावून टाकण्याची हौस या कामाच्या दोन वेगळ्या रीती आहेत. एका छताखाली आल्यावर त्यांतील एकीला माघार घ्यावी लागते, आणि इथे ती काटकसरीला घ्यावी लागली. स्वस्त सेवेचे प्रवासी २००६ साली सुरू झालेल्या इंडिगोला खुले झाले आणि सप्टेंबर २०११ मध्ये ‘रेड’ गुंडाळण्याचा निर्णय जाहीर झाला. कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने थकले, ऑक्टोबर २०१२ मध्ये उड्डाणे थांबली. संपूर्ण अस्तित्वात या कंपनीने एकाही वर्षी नफा दाखवला नाही.

त्याच २००७ साली एकत्र आणलेल्या एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्समध्ये हीच जखम अधिक उघडपणे दिसली. २०११ साली जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला, तर २०१२ मध्ये जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी नव्या ड्रीमलायनरच्या प्रशिक्षणावरील हक्कासाठी दीर्घकाळ काम बंद ठेवले. ज्येष्ठता व वेतन यांचा मेळ घालण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली, तीही विलीनीकरणाला चार वर्षे उलटल्यावर.

बंगळूरला हा प्रश्न पुन्हा भेटला आहे. २०१४ साली येथूनच उड्डाण सुरू केलेली एअरएशिया इंडिया १ ऑक्टोबर २०२४ रोजी एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये विलीन झाली, आणि त्याआधी मे महिन्यात एक्सप्रेसच्या अनेक केबिन कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकल्याने उड्डाणे रद्द होऊन प्रकरण मुख्य कामगार आयुक्तांपर्यंत गेले होते. विमाने, मार्ग आणि तिकीटप्रणाली यांच्या एकत्रीकरणाचे वेळापत्रक आखणाऱ्या संचालक मंडळांनी ज्येष्ठता यादी आणि वेतनश्रेणीही विलीनीकरणाच्या तारखेपूर्वीच कर्मचाऱ्यांसमोर ठेवावी, आणि नियामकांनी परवानगी देताना ती मागून घ्यावी.