पेशीची वीज डोळ्यांना दिसते तेव्हा

चेतापेशीच्या पटलाच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण 70 मिलिव्होल्टने ऋण असते. आकडा किरकोळ वाटतो, पण पटलाची जाडी जेमतेम 4-5 नॅनोमीटर! हिशेब मांडला तर हे विद्युतक्षेत्र दर मीटरला एक कोटी व्होल्टच्या पुढे जाते. संदेश धावतो तेव्हा हा दाब एका मिलिसेकंदाच्या आसपास उलटतो आणि पूर्ववत होतो.

हा बदल मोजण्याचा जुना मार्ग म्हणजे काचेची बारीक सुई पेशीत खुपसणे. पण एक सुई एकाच पेशीची खबर देते. शेकडो पेशींचे काय?

इथे चमकणारे रंग कामी येतात. या रंगाच्या रेणूचे एक टोक तेलात रमणारे, दुसरे पाण्यात. त्यामुळे तो पटलातच रुतून बसतो. विद्युतदाब बदलला की त्याच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी किंचित सरकते आणि चमक वा तिचा रंग बदलतो. 1973 मध्ये लॅरी कोहेन व सहकाऱ्यांनी मेरोसायनिन रंग वापरून जळवेच्या चेतापेशींतले संदेश असे टिपले.

पुढे आलेल्या ‘डाय-4-एएनईपीपीएस’ या रंगाची चमक 100 मिलिव्होल्टमागे सुमारे 10 टक्के बदलते. त्यामुळे हृदयावर पसरणारी विद्युतलहर वेगवान कॅमेऱ्यात पाहता येते. ठोका बिघडताना ती भोवऱ्यासारखी फिरतानाही दिसते.

मर्यादाही आहेत: प्रखर उजेडाने रंग फिका पडतो, पेशींनाही इजा होते.