ताई, सही करू का नगं?

रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. ओटा पुसून मी नुकतीच आडवी झाले होते, तेवढ्यात फोन वाजला. आमच्याच आळीतल्या मावशी. त्यांच्या सुनेला प्रसूतीसाठी मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात हलवलं होतं. मुलगा ऊसतोडीला गेलेला.

"ताई, लेकरू रडलंच न्हाई बगा. काचंच्या पेटीत ठेवलंय. आन् डाक्टर म्हंत्यात, कसला तरी अभ्यास करायचाय, कागदावर सही करा. दोन वर्सं लेकराला तपासायला आणायचं म्हंत्यात. करू का नगं?"

कागद इंग्रजीत होता की मराठीत, तो कुणी वाचून दाखवला का, यातलं मी एक अक्षरही विचारलं नाही. पटकन बोलून गेले, "मावशी, सही करू नका. आपलं लेकरू काय प्रयोगाला आहे का?"

मावशींनी माझं ऐकलं. म्हसवडमध्ये मला ताई म्हणतात, बचत गटाचे कागद मी भरून देते, त्यामुळे माझ्या शब्दाला किंमत आहे. त्या रात्री मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं. एका गरीब घराला वाचवलं म्हणून!

बाळ घरी आलं. बारसं झालं, सिद्धनाथाच्या पाया घालून झालं. पण मान धरायला उशीर, बसायला उशीर. "मुलगे जरा उशिराच बसतात," असं आम्ही बायकाच एकमेकींना सांगत राहिलो. दीड वर्षाचा झाला तेव्हा कुठे त्याला तज्ज्ञांकडे नेलं. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडल्यानं मेंदूला इजा झाली होती. व्यायाम लवकर सुरू झाले असते तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आणि मला ते शब्द आठवले... "दोन वर्सं तपासायला आणायचं." मी ज्याला नाही म्हणायला लावलं, त्यात या तपासण्या होत्या!

मावशींनी मला कधी बोल लावला नाही. तेच जास्त लागतं.

पुढे एका आरोग्य शिबिरात आलेल्या बालरोगतज्ज्ञ बाईंपाशी मी हे बोलले. त्यांनी मला 'हेलिक्स' नावाच्या अभ्यासाची गोष्ट सांगितली. मैत्रिणींनो, ती तुम्हालाही सांगायलाच हवी.

जन्मतः गुदमरलेल्या बाळाचं अंग ७२ तास थंड ठेवायचं, म्हणजे तापमान ३३ ते ३४ अंशांवर आणायचं, असा एक उपचार आहे. तो जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करावा लागतो. २००५ पासून अमेरिका, इंग्लंडसारख्या देशांतल्या अभ्यासांत दिसलं, की यानं बाळं वाचतात आणि अपंगत्वही कमी होतं. तिकडे तो नेहमीचा उपचार झाला. मग इकडेही तेच करायचं, असं कुणालाही वाटेल. पण ती बाळं तिकडची, त्या आया तिकडच्या, दवाखानेही तिकडचे. आपल्या बाळांवर याचा काय परिणाम होतो, हे कुणी नीट पाहिलं होतं?

म्हणून भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात दवाखान्यांत २०१५ ते २०१९ या काळात ४०८ बाळांचा अभ्यास झाला. त्यात मुंबईचं सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालयही होतं. जणू चिठ्ठी टाकून निम्म्या बाळांना थंडावा दिला आणि निम्म्यांना नेहमीची अतिदक्षता. २०२१ मध्ये निकाल आला आणि सगळेच थबकले. थंडावा दिलेल्यांपैकी ४२ टक्के बाळं दगावली आणि न दिलेल्यांपैकी ३१ टक्के. मृत्यू किंवा अपंगत्व, दोन्ही मिळून पाहिलं तरीही फायदा दिसला नाही. इथल्या बऱ्याच बाळांच्या मेंदूला इजा बाळंतकळांच्या काळात बराच वेळ होत राहिलेली असावी, म्हणून नंतरचा थंडावा लागू पडत नसावा, असा संशोधकांचा अंदाज आहे.

विचार करा, तिकडचा उपचार तसाच उचलून इकडे आणला असता तर? तो उपचार आपल्या दवाखान्यांत डोळे झाकून वापरू नये, हे आज डॉक्टरांना ठामपणे सांगता येतं, ते त्या ४०८ घरांमुळे. त्या आया काही फार शिकलेल्या असतील असं नाही. बाळंतपणाच्या वेदना अंगात असताना त्यांनी 'हो' म्हटलं. आणि अठरा महिन्यांनी ४०८ पैकी ३९४ बाळांची पूर्ण माहिती मिळाली! आपल्याकडचे लोक पुन्हा येत नाहीत, असं जे सर्रास म्हटलं जातं, त्याला यापेक्षा चांगलं उत्तर कोणतं?

पण यातही माझ्या मनात एक गोष्ट राहतेच. हे सगळे मोठ्या शहरांतले दवाखाने. सहा तासांच्या आत तिथे पोचलेलीच बाळं त्यात आली. आमच्या माण तालुक्यातल्या वस्तीवरचं, मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगर घरातलं, ऊसतोडीच्या कोपीत जन्मलेलं बाळ कुठे? ते उशिरा पोचतं, किंवा मुलगी आहे म्हणून पोचवलंच जात नाही. मग त्याच्यासाठीचं उत्तर तरी कुठून येणार?

संशोधन गावात येऊ शकतं, हे आपल्याच राज्यात सिद्ध झालंय. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत नव्वदच्या दशकात ३९ गावांत, त्याच गावांतल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि ती न मिळालेल्या गावांशी तुलना केली. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढे २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. विचारणारी बाई गावातलीच आणि बोली गावाचीच असली, की दार उघडतं.

म्हणून संशोधक मंडळींना माझं सांगणं आहे, नुसता कागद पुढे करू नका. एसटीचं भाडं द्या, बुडालेल्या मजुरीचा विचार करा. आजीशी बोला, कारण आमच्याकडे निर्णय तीच घेते. आमच्या माणदेशी तरंग रेडिओवर येऊन आमच्या बोलीत समजवा. आणि काम झालं की निकाल सांगायला परत या. लोक रागावतात ते याच गोष्टीवर, की माहिती नेली आणि कुणी फिरकलंच नाही.

आणि मैत्रिणींनो, आपणही शिकायला हवं. सही करण्याआधी माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मागायचा आपला हक्क आहे. वाचता येत नसेल तर तिऱ्हाईत साक्षीदारासमोर ती समजावून घेता येते. नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत, आणि हो म्हणून नंतर बाहेरही पडता येतं. अभ्यासाला नीती समितीची परवानगी आहे का, इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे बेधडक विचारा. पटलं तर हो म्हणा, नाही तर नाही.

आता तो मुलगा नऊ वर्षांचा आहे. काठीच्या आधारानं अंगणात चालतो, मला पाहिलं की हसतो. त्या रात्री 'हो' म्हटलं असतं तर तो आज धावला असता, असं मी म्हणणार नाही. तसं कुणीच सांगू शकत नाही. पण मी मावशींना माहिती दिली नाही, माझी भीती दिली, एवढं मात्र खरं.

परवा आळीतल्याच एका सुनेचा फोन आला. तोच प्रश्न, "ताई, सही करू का नगं?"

मी म्हणाले, "आधी डॉक्टरांना फोन दे. माझ्याकडे सात-आठ प्रश्न आहेत. उत्तरं आपण दोघी ऐकू. मग तू ठरव."